घरी फोन नाही, फोन आहे तर नेट नाही: मुलांच्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सूचना, गृहपाठ, फॉर्म, निकाल असं सगळं मोबाइलवर गेल्यापासून पालक आणि शिक्षक तेच तेच प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. लिहिताना महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आहेत. माझी भूमिका आधीच सांगते: ज्या मुलाच्या घरी काहीच नाही, त्याला धरून अभ्यास ठरवावा. बाकीच्यांचं त्यात काही जात नाही. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, पुढचे विशिष्ट अडचणींचे.

१. आता झोपडीतसुद्धा स्मार्टफोन दिसतो. मग ही अडचण खरंच उरली आहे का?

उरली आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरी घरांपैकी ४२ टक्के घरांत. २०२५ च्या सुरुवातीच्या सर्वेक्षणात ८५ टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक स्मार्टफोन आढळला. हा बदल मोठा आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. पण हे आकडे घरांचे आहेत, मुलांचे नव्हेत. घरातला एक फोन चार-पाच माणसांत वाटला जातो, आणि त्यात शाळकरी पोराचा नंबर शेवटचा लागतो. कोरोनाच्या काळात, २०२१ च्या 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी अजिबात मिळत नव्हता आणि जवळजवळ निम्म्यांना कधीमधीच मिळत होता. शाळा बंद होत्या आणि फोनशिवाय दुसरा मार्ग नव्हता, तेव्हाची ही गत. आज शाळा चालू असताना फोन मुलाच्या हातात द्यायची निकड घरच्यांना आणखीच कमी वाटते.

दुसरं म्हणजे, फोन हा संगणक नव्हे. २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. पाच इंची पडद्यावर निबंध टाइप करणारं मूल आणि टेबलावर लॅपटॉप असलेलं मूल यांच्यातला फरक 'घरी इंटरनेट आहे का' या प्रश्नातून कळतच नाही.

२. माझ्या वर्गात कोणाच्या घरी काय आहे, हे नेमकं कसं कळेल?

सगळ्यात आधी, वर्गात 'ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी हात वर करा' असं कधीही म्हणू नका. निम्मी मुलं खोटं बोलतील आणि उरलेली मान खाली घालतील. पालकांकडून भरून घेतलेल्या फॉर्मवरही फार विसंबू नका. एका पालकांनी 'स्मार्टफोन आहे' असं लिहून दिलं होतं. मी घरी गेले तेव्हा फोन होता खरा, पण चार्जिंगची पिन सैल झालेली. वायर बोटाने दाबून धरली तरच चार्ज व्हायचा, आणि 'स्टोरेज फुल' म्हणून एकही व्हिडिओ उतरत नव्हता. कागदावर मात्र ती मुलगी 'आहे'च्या रकान्यात होती.

म्हणून प्रश्न बदला. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात फोन घरी असतो का? तो कोणाचा आहे, आणि किती भावंडं तो वापरतात? गेल्या महिन्यात रिचार्ज किती दिवस बंद होतं? रेंज घरात येते की ओट्यावर जावं लागतं? फोनवर लिहिलेलं घरातलं कोण वाचू शकतं? हा शेवटचा प्रश्न आपण हमखास विसरतो. सूचना आजीच्या फोनवर जाते आणि आजीला वाचता येत नाही, असं एक तरी घर प्रत्येक वर्गात असतं.

ही माहिती गृहभेटीत किंवा पालकसभेनंतर एकेकट्याशी बोलून घ्या, स्वतःच्या वहीत ठेवा, ग्रुपवर टाकू नका. वर्षातून दोनदा तरी पुन्हा विचारा. फोन फुटतो, गहाण पडतो, मोठा भाऊ कामाला जाताना घेऊन जातो. जूनमधली यादी दिवाळीनंतर खरी राहत नाही.

३. गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकण्यात वाईट काय? सगळ्यांचाच वेळ वाचतो.

आपला वेळ वाचतो. मुलाचा वाचतोच असं नाही. पालकांच्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी पान नंबर ४२ चा गृहपाठ. बाबा रात्री साडेनऊला घरी येणार, तोवर मूल झोपलेलं. सकाळी शाळेत 'गृहपाठ का नाही केलास?' या प्रश्नाला ते काय उत्तर देणार? बाबा उशिरा आले, हे आठ वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गासमोर सांगवत नाही.

साधा नियम ठेवा: गृहपाठ शाळा सुटायच्या आधी फळ्यावर आणि मुलांच्या वहीत उतरलेला असला पाहिजे. ग्रुपवर हवं तर पुन्हा टाका, पण तिथे नवीन काहीही नको. 'उद्या येताना घेऊन या' अशी सूचना रात्री टाकू नका. व्हिडिओ पाहिल्याशिवाय सोडवता येणार नाही असा गृहपाठ देऊ नका. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर वर्गात दाखवा. 'माहिती नेटवरून काढून रंगीत प्रिंट चिकटवा' हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. त्यात मूल काही शिकत नाही, आणि ज्याच्या गावात प्रिंटचं दुकान नाही त्याचा बाप त्यासाठी रोज बुडवून तालुक्याला जातो. मग गुण कसले दिले? तालुक्याच्या फेरीचे.

या नियमाला अपवाद आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

४. आमच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर मिस्टरांबरोबर. दोन मुलांचा अभ्यास कसा करून घेऊ?

फोन घरी असतो त्या वेळात अभ्यास 'करायचा' नाही, अभ्यास 'उतरवून' ठेवायचा. लागणारा धडा, प्रश्नपत्रिका किंवा व्हिडिओ रात्रीच डाउनलोड करा आणि मुख्य मुद्दे वहीत लिहून घ्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी फोन नसला तरी वही असते. दहावी-बारावीचं मूल असेल तर फोनवर पहिला हक्क त्याचा, पण धाकट्यालाही आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या आणि ते कॅलेंडरवर लिहा. लिहिलेलं असलं की भांडण कमी होतं, आणि मुलगी असली म्हणून तिचा वार आपोआप मागे ढकलला जात नाही (प्रश्न ७ पाहा).

वर्गशिक्षकांना ही परिस्थिती एकदा मोकळेपणाने सांगा. यात कमीपणा काही नाही. सांगितलं नाही तर त्यांच्या लेखी 'पालक लक्ष देत नाहीत' एवढंच राहतं.

५. महिन्याचं रिचार्ज परवडत नाही. काय करता येईल?

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून हा प्रश्न फार वाढला. 'महिन्याचं' म्हणतात तो पॅक बहुतेक वेळा २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. आपल्याला दररोजच्या डेटाची खरंच गरज आहे का, ते आधी पाहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला सांगितलं. ओटीपी एसएमएसवर येतो, त्यामुळे घरातला एक नंबर अशा पॅकवर जिवंत ठेवता येतो आणि अभ्यासापुरता डेटा दुसऱ्या नंबरवर घेता येतो. दुकानदार हे पॅक आपणहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन विचारा.

ग्रामपंचायतीत भारतनेटचं (गावोगाव इंटरनेट पोहोचवण्याच्या सरकारी योजनेचं) वायफाय चालू असेल तर धडे तिथे उतरवून घ्या. चालू नसेल तर ग्रामसभेत विचारा, लेखी.

६. नेट न वापरता, किंवा एकदाच वापरून, अभ्यासाचं काय काय मिळू शकतं?

पहिलं पाठ्यपुस्तक. पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ते मोफत मिळतं. हरवलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ एकदा उतरवली की झालं. पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन करता येतात. त्यातलं साहित्य डाउनलोड केल्यावर नेटशिवाय चालतं आणि एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये पाठवताही येतं. शिक्षकांनी शाळेच्या फोनवर महिन्याचे धडे उतरवून पालकसभेच्या दिवशी पालकांच्या फोनमध्ये भरून दिले, तर डेटाचा प्रश्नच येत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फायदा याच एका गोष्टीचा झाला.

टीव्ही असेल तर डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या दिसतात. तबकडी आणि सेटटॉप बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीसाठी सुरू झाली, तेव्हा घरी स्मार्टफोन नसलेल्या कितीतरी मुलांचा अभ्यास तिच्यामुळे चालू राहिला.

७. घरात मुलाला फोन मिळतो, मुलीला 'तुला कशाला हवा' म्हणतात. शिक्षक यात काय बोलणार?

बोललं पाहिजे. २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाला विचारलं गेलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. पुढच्या वयातही हे अंतर मिटत नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी.

कारण बहुतेक वेळा पैशाचं नसतं, भीतीचं असतं. फोनमुळे मुलगी बिघडेल, लोक नावं ठेवतील, कोणीतरी फोटो काढून पसरवेल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावली तर आईवडील पुढे ऐकतच नाहीत. मी आईशी बोलते, कारण घरात मुलीची बाजू घ्यायची झाली तर तीच घेऊ शकते. आणि बोलणं ठोस गोष्टीवर ठेवते: शिष्यवृत्तीचा फॉर्म, अमुक तारीख, ओटीपी, बारावीनंतरचा नर्सिंगचा किंवा पोलीस भरतीचा अर्ज. 'मुलीला फोन द्या' याला घरात नकार येतो. 'बुधवारी सात ते आठ तिला सराव चाचणी सोडवायची आहे, तुम्ही शेजारी बसा' याला सहसा येत नाही. महिनाभर आई शेजारी बसली की पुढे तीच म्हणते, 'घे गं, तुझं तू कर.'

फोन लपवून वापरायचा सल्ला मुलींना देऊ नका. पकडली गेली तर फोन जातो आणि कधीकधी शाळाही सुटते.

८. गावात रेंजच येत नाही. आमच्यासाठी या सगळ्याचा काय उपयोग?

धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, भामरागड या तालुक्यांतल्या शिक्षकांचा हा प्रश्न, आणि कोकणातल्या डोंगराआडच्या वाड्यांचाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क न पोहोचलेल्या २४,६८० गावांना बीएसएनएलच्या फोर-जी सेवेने जोडण्याची योजना मंजूर केली. आपलं गाव त्या यादीत आहे का, टॉवर मंजूर आहे का आणि जागा कुठे अडली आहे, हे ग्रामपंचायतीने जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं. कधीकधी टॉवर उभा असतो आणि वीजजोडणी राहिलेली असते.

तोपर्यंत काय, हे २०२० मध्ये गावांनीच दाखवून दिलं. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात 'बोलकी शाळा' भरली, ध्वनिक्षेपकावर रेकॉर्ड केलेले धडे लावून. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर अभ्यासक्रम रंगवून घेतला आणि मुलं येता-जाता वाचू लागली. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात तिथे शिकत होती. त्या मुलीचं कौतुक खूप झालं आणि ते योग्यच होतं. पण एका लेकराला शिकण्यासाठी पावसात डोंगरावर बसावं लागलं, याची लाज आपण मोठ्यांनी कौतुकाखाली झाकू नये.

९. शाळा आम्हाला टॅब किंवा स्मार्टफोन घ्यायची सक्ती करू शकते का?

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम ३ स्पष्ट आहे: ज्यामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण घेणं आणि पूर्ण करणं अडेल, असं शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत फोन नसल्याबद्दल मुलाला वर्गाबाहेर ठेवणं, गुण कापणं, हजेरी न लावणं चुकीचं आहे. आधी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज द्या, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्या बैठकांना पालक जात नाहीत ही खरी अडचण आहे.

खासगी शाळेत याच कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी उपकरणं आणि इंटरनेट पॅक मोफत द्यायला शाळांना सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये या मुलांची गरज नजरेआड करता येणार नाही, सरकारांनी मार्ग काढलाच पाहिजे, असंही बजावलं. म्हणजे शाळेविरुद्ध बोट दाखवता येईल असा पक्का निकाल नाही, पण मुद्दा मान्य झालेला आहे.

१०. इंटरनेट हा हक्क आहे का?

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचं होतं. संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायचा नियम एका विद्यार्थिनीने पाळायला नकार दिला आणि तिला काढून टाकण्यात आलं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं. पण नीट पाहा: हा निकाल हातातला फोन काढून घेण्याविरुद्ध आहे. ज्याच्या हातात फोनच नाही त्याला तो सरकारने द्यावा, असं त्यात नाही.

११. अकरावी प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळंच ऑनलाइन. घरी काही नसताना अर्ज कसा भरायचा?

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचे) प्रवेश आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या आधीपासूनच ऑनलाइन आहेत. अर्ज भरून द्यायला शाळा, सायबर कॅफे किंवा आपले सरकार सेवा केंद्र असतं. माझ्या पाहण्यात मुलं अर्ज भरताना अडकत नाहीत, नंतर अडकतात, आणि बहुतेक वेळा मोबाइल नंबरमुळे.

अर्जात नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, ज्याचा फोन मुलाबरोबर एका छपराखाली असतो. कॅफेवाल्याचा नंबर, सरांचा नंबर, मामाचा नंबर चालणार नाही, कारण यादी लागते त्या दिवशी ओटीपी तिकडे जातो. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर काही महिन्यांनी तो दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो, आणि मग शिष्यवृत्तीच्या खात्यात शिरण्यासाठी अनोळखी माणसाची विनवणी करावी लागते. आधारला, बँकेला आणि अर्जाला शक्यतो एकच नंबर असू द्या. तो जिवंत ठेवायचा स्वस्त मार्ग प्रश्न ५ मध्ये सांगितला आहे.

वहीचं एक पान राखून ठेवा: अर्ज क्रमांक, लॉगिन आयडी, पासवर्ड, ई-मेल, कोणता नंबर दिला, कोणत्या तारखेला काय भरलं. कॅफेवाला ई-मेल उघडून देतो आणि पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवतो. उठायच्या आधी तो लिहून घ्या, भरलेल्या अर्जाची प्रिंट घ्या. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी कॅफेत रांग असते आणि संकेतस्थळ रांगत असतं.

माध्यमिक शाळांना हात जोडून विनंती: दहावीचा निकाल लागला की चार दिवस संगणक कक्ष उघडा ठेवा. ज्या घरात कोणी शिकलेलं नाही, त्या घरासाठी या चार दिवसांचं मोल फार मोठं असतं.

१२. एमएचटी-सीईटी संगणकावर होते. माझ्या मुलीने कधी माऊसही हातात धरलेला नाही.

ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते आणि जेईई मेनही. प्रश्न येत असूनही उत्तर 'सेव्ह' झालं का या धास्तीत वेळ घालवणारी मुलं असतात. फोनवर कितीही सराव केला तरी ही भीती जात नाही, कारण फोनवर माऊस नाही आणि डावीकडे-उजवीकडे पसरलेला पडदा नाही.

दोन गोष्टी करा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सराव चाचणी संगणकावरच सोडवायला लावा, फोनवर नको. आणि कॉलेजच्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास मागून घ्या, अर्ज लिहून. आकड्यांवर समाधान मानू नका: २०२४-२५ च्या यूडायस या शाळांविषयीच्या सरकारी अहवालानुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ६३ टक्क्यांहून थोड्या जास्त शाळांत इंटरनेट. पण कक्षाची किल्ली कोणाकडे आहे आणि ती आठवड्यातून किती वेळा फिरते, हे अहवालात नसतं.

१३. शाळेला देणगीत टॅब मिळाले आहेत, पण मुलांना घरी द्यायचं मुख्याध्यापकांचं धाडस होत नाही.

त्यांची भीती रास्त आहे. टॅब डेडस्टॉक रजिस्टरवर (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढतो, फुटला किंवा हरवला तर तपासणीत उत्तर त्यांना द्यावं लागतं. म्हणून टॅब कपाटात राहतात, बॅटरी फुगते आणि दोन वर्षांनी निकामी म्हणून नोंद होते. एकाही मुलाने तो हातात घेतलेला नसतो.

वाट आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या: कोणत्या मुलाला, किती दिवसांसाठी, कोणाच्या सहीने, आणि नेहमीच्या वापरात बिघाड झाला तर वसुली होणार नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकासारखी देवाणघेवाण वही ठेवा. यादी प्रश्न २ मधल्या वहीवरून ठरवा, हुशारीवरून नको. पहिला नंबर काढणाऱ्याला टॅब बक्षीस देण्याची पद्धत मला मनापासून खटकते. त्याच्या घरी बहुधा आधीच एक असतो. टॅबमध्ये धडे आधी भरून द्या, म्हणजे नेट नसलेल्या घरी त्याची नुसती पाटी होणार नाही. सुरुवात शुक्रवार ते सोमवार अशा छोट्या मुदतीने करा. मुलं परक्याची वस्तू आपण समजतो त्यापेक्षा जास्त जपतात.

१४. माझा मुलगा दृष्टिहीन आहे. त्याच्यासाठी फोन हेच पुस्तक आहे. 'फोनशिवाय अभ्यास' हा नियम त्याला कसा लागू करायचा?

लागू करायचाच नाही. त्याच्यासाठी उलट नियम: प्रत्येक गोष्ट फोनवर, आणि वाचता येईल अशा स्वरूपात मिळाली पाहिजे. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक मोफत आहे आणि मराठी मजकूर वाचून दाखवतं. पण ते भरवशाने फक्त टाइप केलेला मजकूर वाचतं. फळ्याचा फोटो किंवा स्कॅन करून बनवलेली पीडीएफ आली की ते बहुतेक वेळा गप्प बसतं. शिक्षकांनी गृहपाठ टाइप करून पाठवावा किंवा आवाजात रेकॉर्ड करावा. दोन मिनिटांचं काम आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून वाचनसुलभ पुस्तकं मिळू शकतात, तिथे त्याची नोंदणी करून घ्या. शाळेत एकच टॅब द्यायचा असेल आणि असं मूल पटावर असेल, तर तो त्याचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार अशी सोय करून देणं शाळेवर बंधनकारक आहे.

१५. आमच्याकडची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. फोनही त्यांच्याबरोबर जातो. संपर्क कसा ठेवायचा?

बीडच्या शिक्षकांचा हा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येतो. आधी प्रयत्न मूल गावातच ठेवण्याचा करा: हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला तर आजी-आजोबांकडे राहून ते शाळेत येऊ शकतं. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून बरोबर द्या, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या शाळेला त्याला कुठून पुढे शिकवायचं ते कळेल.

फोनवर अभ्यास पाठवून भागेल अशी अपेक्षा ठेवू नका. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) वीज नसते, फोन मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्ज होतो आणि तो कामाच्या बोलण्यासाठी राखून ठेवलेला असतो. साधा कॉल मात्र चालतो. आठवड्यातून एकदा ठरलेल्या रात्री फोन करा, पाढे म्हणून घ्या, एक परिच्छेद वाचायला लावा, त्याची चौकशी करा. निघताना पुस्तकं, दोन कोऱ्या वह्या आणि कोणत्या आठवड्यात काय करायचं याचा हाताने लिहिलेला कागद द्या.

१६. फोन दिला तर पोरगं रील बघत बसतं, नाही दिला तर मागे पडतं. करायचं काय?

२०२४ च्या 'असर' मध्ये १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा तक्रार खरी आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. मला त्यातलं आवडतं ते हे की नियम मोठ्यांनाही होता. बाप रील बघत असताना पोराला 'अभ्यास कर' म्हणून काही होत नाही. एक सावधगिरी: ज्या घरी फोन फक्त रात्रीच येतो, तिथल्या मुलाचा एकुलता तास अशा भोंग्यात जाऊ देऊ नका. त्याला तेवढी सवलत द्या.

१७. अतिवृष्टीमुळे कलेक्टर साहेबांनी सुट्टी दिली. त्या दिवशी ऑनलाइन तास घेऊन हजेरी लावली तर चालेल का?

तास घ्यायला हरकत नाही, हजेरी लावू नका. पावसाच्या दिवशी आधी वीज जाते, मग टॉवर. ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं असतं, तीच मुलं त्या तासाला नसतात. त्या दिवशी नवीन धडा शिकवू नका, झालेल्याची उजळणी घ्या. शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला तेवढाच भाग वर्गात पुन्हा घ्या, आणि आदल्या दिवशी कोण नव्हतं हे न विचारता घ्या.